रामसेंचे भुताटकीचे सिनेमे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही सात-आठ जण एका मित्राच्या गच्चीवर डबलबेडची पांढरी चादर ताणून बांधतो आणि जुने भुताटकीचे हिंदी सिनेमे बघतो. ही बातमी पसरली तसा माझ्या फोनवर प्रश्नांचा मारा सुरू झाला. प्रश्न तेच ते, आणि बहुतेक रात्री दीड वाजता. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करून अंगठे दुखायला लागले, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे. यापुढे कुणी यातलंच विचारलं तर उत्तरादाखल नुसता आकडा मिळेल.

१. रामसे, रामसे म्हणता, ते सिनेमे नेमके कोणते?

रामसे कुटुंबाने १९७२ पासून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत काढलेले हिंदी भयपट. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) हा पहिला. पुढे ‘दरवाजा’ (१९७८), ‘गेस्ट हाउस’ (१९८०), ‘पुराना मंदिर’ (१९८४), ‘तहखाना’ (१९८६), ‘वीराना’ (१९८८), ‘पुरानी हवेली’ (१९८९), ‘बंद दरवाजा’ (१९९०). नावांवरूनच कळतं की इमारत जुनी हवी आणि दार लावलेलं हवं. नावात ‘खूनी’ असेल तर तो सिनेमा बहुधा रामसेंचा नसतो. ती भानगड प्रश्न १५ मध्ये आहे.

२. रामसे म्हणजे इंग्रज होते का?

नाही हो, सिंधी. मूळ आडनाव रामसिंघानी. थोरले फत्तेचंद रामसिंघानी यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. इंग्रज गिऱ्हाइकांना अख्खं आडनाव पेलवेना, त्यांनी त्याचं ‘रामसे’ केलं आणि तेच चिकटलं. फाळणीनंतर कुटुंब मुंबईत आलं. इथेही आधी दुकानच होतं, सिनेमा नंतर. आणि सुरुवात भुतांनी अजिबात झाली नव्हती: पृथ्वीराज कपूर आणि सुरैया असलेला ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) यांच्याच घरचा. सुरैयाचा तो शेवटचा सिनेमा.

३. मग ते भुतांच्या नादाला कसे लागले?

एका पडलेल्या सिनेमामुळे. ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) चालला नाही. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा आणि चिलखत चढवून संग्रहालयात चोरी करतात, पोलिसांच्या गोळ्या त्यांच्या अंगावरून परततात, असा एक प्रसंग होता. तुळशी आणि श्याम या भावांनी थेटरात बसून पाहिलं, तर लोक तेवढ्या प्रसंगासाठी येत होते आणि तो झाला की उठून जात होते. पोरांनी वडिलांना सांगितलं, बाकीचा सिनेमा कशाला काढायचा? तेवढंच काढू.

हा हिशेब दुकानदाराच्या घरातला आहे. जो माल खपतो तोच मागवायचा. पुढची वीस वर्षं त्यांनी नेमकं हेच केलं. त्यांच्या सिनेमातलं जे आवडतं आणि जे खटकतं, ते दोन्ही मला या हिशेबातच सापडतं.

४. इतक्या कमी पैशात सिनेमा व्हायचा कसा?

घरातल्या घरात. भाऊ सात. कुमार लिहिणार, गंगू कॅमेऱ्यावर, किरण आवाजाकडे, अर्जुन संकलनाला, तुळशी आणि श्याम दिग्दर्शनाला, आणि केशू जिथे कमी तिथे. बाहेरच्या माणसाला पगार द्यायचा प्रश्न निम्म्याहून जास्त तिथेच मिटला. वडिलांनी या सगळ्यांना काश्मीरला नेऊन हाउसबोटवर ठेवलं आणि छायाचित्रणावरचं एक इंग्रजी पुस्तक समोर ठेवून त्यांच्याकडून कामाची तालीम करून घेतली. आमच्या वेळी दहावीला असा क्लास कुणी लावला नाही.

‘दो गज जमीन के नीचे’साठी सगळी मंडळी, कलाकारांसकट, बसमध्ये बसून महाबळेश्वरला गेली. सरकारी विश्रामगृहात मुक्काम, तिथेच शूटिंग, घरातल्या बायकांकडे स्वयंपाक. चाळीसेक दिवसांत सिनेमा पुरा झाला आणि खर्च साडेतीन लाखांच्या आसपास आला, असं ही मंडळी सांगत. स्टुडिओचं भाडं नाही, सेट नाही, मोठा नट नाही. नट मोठा नसला की तारखांची भीक मागावी लागत नाही आणि तो पहाटे तीन वाजता थडग्यात झोपायलाही तयार होतो.

याची किंमत पडद्यावर दिसतेच. एकाच जिन्यावरून चार वेगवेगळी माणसं चार वेगवेगळ्या वाड्यांत चढतात. निगेटिव्ह महाग, त्यामुळे रिटेक कमी. नट वाक्यात अडखळला तरी तसंच ठेवायचं. रात्रीचे कित्येक बाहेरचे प्रसंग भर दिवसा, लेन्सवर निळी काच लावून काढलेले आहेत, आणि नायिका ‘कितनी अंधेरी रात है’ छापाचं काहीतरी म्हणते तेव्हा तिच्या पायाशी दुपारी दोनची कडक सावली पडलेली असते. एकदा ती सावली शोधायची सवय लागली की सुटत नाही.

५. एकही पाहिलेला नाही. सुरुवात कुठून करू?

‘पुराना मंदिर’. तो जमला तर ‘वीराना’, मग ‘बंद दरवाजा’. पहिल्याच दिवशी ‘दो गज जमीन के नीचे’ लावू नका. मान्य आहे की पहिला मान त्याचा, पण तो संथ आहे आणि सवय नसलेला माणूस मध्यंतराच्या आतच घोरायला लागतो. हे अनुभवाने सांगतोय. आमच्या गच्चीवर झालंय.

६. सगळ्यांची गोष्ट एकच का वाटते?

कारण बऱ्याच अंशी ती एकच आहे. कुणा ठाकुराच्या पूर्वजाने एका सैतानाला मारलं किंवा गाडलं. सैतान मरता मरता शाप देऊन गेला. आता शहरात वाढलेली ठाकुराची मुलगी आपल्या मित्रमैत्रिणींना घेऊन गाडीतून त्या गावी जाते. म्हातारा नोकर कंदील धरून ‘परत जा’ म्हणतो. कुणी ऐकत नाही. कुणीतरी सैतानाला जखडलेली साखळी तोडतं.

लहानपणी आमच्या तालुक्याच्या थेटरात यातला एक सिनेमा लागला होता. ऑपरेटरने रिळांचा क्रम चुकवला. भूत आधी जळून मेलं, त्यानंतर पंधरा मिनिटांनी जमिनीतून वर आलं. पिटातल्या एकानेही शिट्टी मारली नाही. सगळ्यांना वाटलं, परत आलं असणार. यायचंच ते.

पण कीर्तनातलं आख्यानही दरवर्षी तेच असतं आणि आपण बुवा कसे रंगवतात ते बघायला जातो. रामसेंचंही तसंच बघावं. गोष्ट ठरलेली, म्हणून लक्ष मोकळं राहतं, ते पुढच्या प्रश्नातल्या गोष्टीकडे द्या.

७. भूत तर रबराचं दिसतं! याला लोक घाबरायचे तरी कसे?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न, म्हणून सविस्तर.

तुम्ही जे बघताय ते त्या लोकांनी पाहिलेलंच नाही. तुमच्यासमोर आहे स्वच्छ केलेली डिजिटल प्रत, ढळढळीत उजेडाचा टीव्ही, आणि हातात थांबवायचं बटण. त्यांच्यासमोर होती सहा गावं फिरून ओरखडे पडलेली प्रिंट आणि कार्बनच्या कांड्या जाळून उजेड पाडणारा प्रोजेक्टर. कांडी झिजली आणि ऑपरेटर चहाला गेलेला असला की पडदा काळवंडायचा. रामसेंना हे पक्कं माहीत होतं. मानेपाशी मुखवट्याची कड आहे, ती अंधारात बुडणार, हे धरूनच त्यांनी भूत उभं केलं. आम्ही एकदा हौसेने ‘पुराना मंदिर’ची चकचकीत प्रत लावली, तर ती कड, तिच्यावर फासलेला रंग, सगळं स्पष्ट. दुसऱ्या वेळी प्रोजेक्टरचा उजेड मुद्दाम कमी केला. मित्राची बारा वर्षांची भाची पहिल्यांदा हसली होती; या वेळी आईच्या मांडीकडे सरकली. मुखवटा तोच.

दुसरं म्हणजे भूत फार उशिरा दिसतं. त्याआधी दिसतात वस्तू: करकरणारी बिजागरी, हलणारं झुंबर, दाराच्या फटीतून आत येणारी लांब नखं. नखांना खर्च येत नाही. सैतानाचा पूर्ण चेहरा दाखवायचा तर तासन् तास मेकअप करावा लागतो, म्हणून तो कमी दाखवायचा. गरजेपोटी केलेली ही काटकसर भीतीच्या पथ्यावर पडली.

आणि तिसरं, गंगू रामसेंचा उजेड. पैसे कुठे ओतायचे हे या माणसाला कळलं होतं. भिंतीवर लाल, खिडकीतून निळा, चेहऱ्याच्या एका अंगाला हिरवा. दिव्यांवर लावलेल्या रंगीत जिलेटिनच्या कागदांचा हा सगळा खेळ. खाली पसरलेला धूर तो रंग उचलून घेतो आणि तीन खोल्यांचं विश्रामगृह अमर्याद वाटायला लागतं. करून बघायचं असेल तर रात्री दिवे घालवा, टॉर्चवर लाल जिलेटिन कागद ताणून बसवा आणि हनुवटीखालून घरच्या आरशात बघा. खर्च दहा रुपये. आरशाकडे जास्त वेळ बघवत नाही.

८. सामरी कोण?

‘पुराना मंदिर’मधला सैतान. राजा त्याचं मुंडकं उडवतो. धड एकीकडे बंदिस्त, मुंडकं दुसरीकडे. मुंडकं धडाला मिळालं की तो पुन्हा उठणार. ही कल्पना इतकी सोपी आणि पक्की आहे की सिनेमा विसरलेल्यांनाही तेवढी आठवते.

तो उभा केला अनिरुद्ध अगरवाल यांनी, पडद्यावरचं नाव अजय अगरवाल. रुरकीचे सिव्हिल इंजिनिअर. उंची भरपूर, जबडा रुंद, डोळे खोल. मेकअपवाल्याचं अर्धं काम देवानेच करून ठेवलेलं. ‘बंद दरवाजा’तला सैतान नेवला, तोही तेच. पुढे ते ‘बँडिट क्वीन’मध्येही दिसले. त्यांचा चेहरा कोरा असताना एकदा बघाच. भीती रबरात नव्हती, त्या माणसाच्या उभं राहण्यात होती, हे लक्षात येईल.

याच पात्राच्या नावावर १९८५ साली त्रिमितीत ‘सामरी’ही आला. आदल्याच वर्षी दक्षिणेत ‘माय डिअर कुट्टिचातन’ने भारतातला पहिला त्रिमिती सिनेमा म्हणून धमाल उडवली होती. चष्म्याच्या लाटेवर हात धुऊन घ्यायला रामसे चुकणार होते थोडेच!

९. भूत आलंय, माणसं मरतायत, आणि मधेच गब्बरची नक्कल कशासाठी?

‘पुराना मंदिर’मध्ये जगदीप मच्छरसिंग होऊन येतात, तो भाग. मुख्य गोष्टीशी त्याचा काडीचा संबंध नाही. तुम्ही तेवढा वेळ पाणी प्यायला उठलात तर काहीही चुकत नाही.

तो आहे वितरकांसाठी. तेव्हा सिनेमा इलाख्याइलाख्याने विकला जायचा: आपली पश्चिम महाराष्ट्र, कोकण, गोवा ही बाजू बॉम्बे टेरिटरीत, विदर्भ सी. पी. बेरारमध्ये, मराठवाडा निजामात. भुताचा सिनेमा एकट्या भुतावर घ्यायला वितरक बिचकायचा. त्यात गाणी किती, मारामारी किती, विनोद आहे का, हे विचारून पैसे टाकायचा. मग विनोदाचा तुकडा वेगळा काढून, सोयीच्या जागी चिकटवून द्यायचा. थाळीतल्या कोशिंबिरीसारखा, कुणी मागितली नव्हती, पण नसती तर थाळी अपुरी म्हणाले असते.

खरं सांगायचं तर मला हे तुकडे आवडत नाहीत. अर्धा तास जमवलेली भीती ते तीन मिनिटांत सांडतात. आमच्यातले दोघे याच्या उलट मताचे आहेत, त्यांचं म्हणणं की पिटातल्या माणसाला श्वास घ्यायला जागा लागते. वाद चालू आहे.

१०. गाणी मात्र बरी कशी?

कारण कॅसेट विकली जायची, आणि गाणं हा एकच भाग असा होता की जो मोठ्या बॅनरच्या तोडीचा करता येत होता. गायक आणि वादक तेच, स्टुडिओही तेच. ‘पुराना मंदिर’मधलं अजित सिंग यांनी स्वरबद्ध केलेलं ‘वो बीते दिन’ आजही लोक सिनेमाचं नाव न सांगता ऐकवतात. ‘और कौन’ (१९७९) मध्ये तर बप्पी लाहिरींचं संगीत आणि किशोरकुमारचा आवाज आहे.

११. लहान मुलांना दाखवू का?

नको. यातल्या बहुतेकांना प्रौढांसाठीचं ‘अ’ प्रमाणपत्र मिळालेलं आहे आणि ते भुतामुळेच असं समजू नका. अंघोळीचे प्रसंग, ओला पांढरा कपडा, बळजबरीला आलेली टोळी. हे सगळं त्या काळच्या पोस्टरवर भुताच्या शेजारीच छापलेलं असायचं. (प्रश्न ७ मधल्या भाचीला आम्ही कापून-छाटून दाखवला होता. कात्री तिच्या आईच्या हातात होती.)

१२. आज बघताना खरंच खुपणारं असं काय आहे? रबर सोडून.

रबराला मी दोष मानतच नाही. पैसे नव्हते, त्याला कोण काय करणार? पण काही गोष्टींना पैसे लागत नव्हते, आणि त्या तरीही तशाच राहिल्या.

‘पुराना मंदिर’चा शाप बघा. राजाने सैतानाला मारलं, आणि शाप काय, तर त्या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. भांडण दोन पुरुषांचं, पिढ्यान् पिढ्या मरणार बायका. ही कल्पना खरं तर जबरदस्त आहे. तिच्यावर थांबून कुणी दोन वाक्यं बोललं असतं तर सिनेमा कुठल्या कुठे गेला असता. कुणी थांबत नाही. नायिकेला अंघोळीला पाठवतात.

तसंच ठाकुराचं. वाडा त्याचा, जमीन त्याची, आणि तो नेहमी सज्जन. गावकरी म्हणजे शेवटी मशाली घेऊन धावणारी गर्दी. जंगलात राहणारा, काळा, उघडाबंब माणूस दिसला की तो तांत्रिकाचा चेला हे ठरलेलं. गाडलेला सैतान दर वेळी वाड्याच्याच तळघरातून का निघतो, हा प्रश्न सिनेमातल्या एकाही माणसाला पडत नाही. आम्हाला पडतो, आणि गच्चीवर त्यावरच सगळ्यात जास्त गप्पा होतात.

१३. हे सगळे इंग्रजी सिनेमांवरून ढापलेले नाहीत का?

काही सरळ ढापलेले आहेत. ‘महाकाल’ हा ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ (१९८४) वरूनच, नखांच्या हातमोज्यासकट. ‘बंद दरवाजा’च्या मागे ड्रॅक्युला उभा आहे हे लपवण्याचाही प्रयत्न नाही. इंग्लंडच्या हॅमर कंपनीच्या रंगीत भयपटांचा उजेड आणि वाडे यांच्या डोळ्यांत भरलेले होते.

पण नेवला आणि ड्रॅक्युला शेजारी ठेवून बघा. नेवला काळ्या पहाडीवर राहतो, आणि गोष्ट सुरू होते ती मूलबाळ नसलेल्या ठकुराणीपासून. सवत येईल या धास्तीने ती त्याच्याकडे जाते. मूल होईल, पण मुलगी झाली तर ती माझी, ही त्याची अट. नवससायास, वांझपणाचा टोमणा, मुलीचं जड होणं, हे कुठल्याही इंग्रजी सिनेमातून आलेलं नाही. ते आपल्या ओट्यावरचं आहे. ‘महाकाल’ मला कंटाळवाणा वाटतो आणि ‘बंद दरवाजा’ नाही, याचं कारण एवढंच असावं.

१४. महाराष्ट्रात कुठे कुठे शूटिंग झालं? मराठी कलाकार कोण होते?

महाबळेश्वरचं प्रश्न ४ मध्ये आलंच आहे. ते यांचं माहेरघर. धुकं फुकट, जुने बंगले, आणि मुंबईहून एका रात्रीत पोचता येतं. ‘वीराना’ची कल्पना श्याम रामसेंना महाबळेश्वरहून एकट्याने गाडी चालवत परतताना रस्त्यात भेटलेल्या एका बाईवरून सुचली, आणि तिचे पाय उलटे होते, असा किस्सा सांगतात. मी वाईकडचा आहे. पसरणी घाटात रात्री अपरात्री बऱ्याचदा गेलो आहे. आतापर्यंत फक्त माकडं आणि बंद पडलेले ट्रक भेटलेत.

दुसरी जागा मुरूड. गावाबाहेर समुद्राकडे तोंड करून असलेला नवाबाचा राजवाडा त्या काळच्या पडद्यावर हवेली म्हणून दिसतो. रस्त्यावरून दिसतो तेवढा बघा; खाजगी मालमत्ता आहे, आत घुसायला जाऊ नका.

कलाकारांत ‘और कौन’चा नायक आपला सचिन. ‘पुराना मंदिर’मध्ये सदाशिव अमरापूरकर आहेत, ललिता पवारही आहेत. ‘वीराना’ आणि ‘बंद दरवाजा’त विजयेंद्र घाटगे.

१५. ‘खूनी महल’, ‘खूनी मुर्दा’, ‘खूनी पंजा’ रामसेंचे नाहीत?

नाहीत. पहिले दोन मोहन भाक्रींचे, तिसरा विनोद तलवारांचा. रामसेंचं चालतंय म्हटल्यावर इतरांनीही दुकानं थाटली. ओळखायची खूण म्हणजे उजेड. रामसेंकडे भिंतीवर रंग दिसतो. बाकीच्यांकडे एकच भगभगीत दिवा समोरून मारलेला असतो आणि भुताची सावली मागच्या पडद्यावर पडते. म्हणून टाकाऊ समजू नका. भाक्रींच्या सिनेमात पुढच्या क्षणी काय होईल याचा दिग्दर्शकालाही पत्ता नसावा असं वाटतं, आणि त्यात वेगळीच गंमत आहे.

आणखी खालच्या पायरीवर जोगिंदर यांचा ‘प्यासा शैतान’ (१९८४). त्यात एका जुन्या मल्याळम सिनेमातली कमल हासनची दृश्यं उचलून, हिंदी आवाज चढवून, मधे मधे नवं चित्रीकरण पेरलेलं आहे. गोधडीच. पण गोधडीतही ठिगळांचा काही मेळ असतो.

१६. ‘गुंडा’ या यादीत बसतो का?

भूत नाही, त्यामुळे काटेकोर बोलायचं तर नाही. कांती शहांचा १९९८ चा मारधाडीचा सिनेमा तो. पण पैशांची चणचण, बंदरावरचं ओसाड शूटिंग, आणि प्रत्येक खलनायकाने यमक जुळवून स्वतःची ओळख करून देणं, या नात्याने चुलतभाऊ लागतो. आम्ही वर्षातून एकदा लावतो. शिवराळ आहे, ज्येष्ठ नागरिक आणि सासरची माणसं समोर नकोत.

१७. यूट्यूबवरच्या प्रतींची लांबी वेगवेगळी आहे. खरी कोणती?

एकच खरी प्रत असते हे गृहीतकच इथे चालत नाही. सेन्सॉरने कापलेलं एक. मग थेटरमालकाने खेळ वेळेत बसवायला कापलेलं, बहुतेक वेळा विनोद किंवा एखादं गाणं. प्रिंट तुटली की ऑपरेटर चार फूट फेकून पुन्हा जोडायचा, ते वेगळंच. उलट बाजूने, काही ठिकाणी मधेच भलत्या सिनेमाची भलती दृश्यं घुसडली जायची. त्यामुळे ‘आम्ही पाहिला तेव्हा त्यात अमुक सीन होता’ असं काका शपथेवर सांगतात, ते खोटं बोलत नसतात, पण तो सीन त्या सिनेमातला नसतो. पुढे व्हिडिओ कॅसेटवर आणखी कापाकापी, टीव्हीवर त्याहून जास्त.

मोंडो माकाब्रो या परदेशी कंपनीने डीव्हीडीवर काढलेल्या प्रती बऱ्या आहेत. फक्त प्रश्न ७ मधली सूचना विसरू नका आणि उजेड कमी करा.

१८. ‘वीराना’तली नटी जास्मिन कुठे गेली?

सिनेमा सोडून गेली. तिच्याबद्दल पसरवल्या जाणाऱ्या कहाण्या मी पुढे पाठवत नाही, तुम्हीही मला पाठवू नका.

१९. असले सिनेमे अंधश्रद्धा पसरवतात. तुम्हाला काही वाटत नाही?

वाटतं. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली ज्या राज्यात झाला, आणि ज्या किमतीवर झाला, तिथे हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. सामरीला बघून कुणी नरबळी दिला असेल असं मला वाटत नाही; पण शेवटी डॉक्टर हरतो आणि त्रिशूळ जिंकतो हे शंभरदा बघितलं की त्याचा काहीतरी थर साचत असणार. गंमत अशी की या सिनेमांत तांत्रिकच बहुतेक वेळा लबाड किंवा खुनी असतो. ‘वीराना’तला राजेश विवेकचा बाबा बघा आणि मग अंगारे-धुपारे देणाऱ्या कुणाच्या दारात जावंसं वाटतं का ते सांगा.

२०. मराठीत असं काही का झालं नाही?

भीती मराठीने वाचली. नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांच्या गोष्टी उशाशी घेऊन रात्री दिवा चालू ठेवून झोपलेली पिढी आपल्याकडे आहे. पडद्यावर मात्र मराठी माणसाने भुताला हसवायला लावलं. महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ (१९९३) हे ठळक उदाहरण: गोष्टीचं बी परदेशी, पण रामदास पाध्ये यांचा बाहुला आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची धांदल यामुळे तो पार इथला होऊन गेला. त्या तात्या विंचूला बघून मी घाबरलो होतो, सामरीला घाबरलो त्याहून जास्त. बाहुला घरात असतो ना. सामरीला यायला वाडा लागतो.

२१. हे सिनेमे बंद का पडले?

घरातच भूत आलं म्हणून. १९९३ मध्ये झी टीव्हीवर ‘झी हॉरर शो’ सुरू झाला, आणि तोही रामसेंचाच. तिकीट काढून जे बघायचं ते फुकट मिळायला लागलं. त्याआधी व्हिडिओ पार्लरने तालुक्याच्या थेटरांचं रक्त शोषलं होतंच. केशू रामसे तोवर मोठ्या नटांच्या मारधाडीच्या सिनेमांकडे वळले होते. ‘खिलाडियों का खिलाडी’ (१९९६) त्यांच्याच निर्मितीचा.

२२. बघताना हसलं तर चालतं का?

चालतं. पण आधीच हसायचं ठरवून येणारे दोन-तीन जण आमच्याकडे येऊन गेले. पहिल्या मिनिटापासून खिदळणं, प्रत्येक वाक्यावर शेरा. त्यांना सिनेमा दिसलाच नाही. पुन्हा बोलावलं नाही.

२३. घरी खेळ लावायचा आहे. काय तयारी लागते?

अंधार पूर्ण हवा. रस्त्यावरचा दिवा आड येत असेल तर सतरंजी टांगा. आवाज थोडा मोठा ठेवा, किंकाळ्यांना शेजारी उठतील म्हणून आधी सांगून ठेवा (आमच्याकडे एकदा वॉचमन काठी घेऊन वर आला होता, मग शेवटपर्यंत बसला). मध्यंतर घ्याच, कारण हे सिनेमे मध्यंतरासाठीच लिहिलेले असतात. साखळी बहुतेक तिथेच तुटते. भजी मध्यंतरातच, आधी नको. मोबाइल डब्यात.

पुढच्या शनिवारी ‘पुरानी हवेली’ आहे. चादर धुऊन ठेवली आहे, उशा आपापल्या आणा.